महाजालावरील मराठी

एखादी गोष्ट जगात असणे आणि ती आहे हे जगास ठाऊक असणे, या दोन निराळ्या गोष्टी होत. डोंगराच्या कुशीत निर्मळ पाण्याचा एखादा झरा वर्षानुवर्षे वाहत असतो. परंतु त्याच्याकडे जाणारी वाट कोणी पाडली नसेल, तर त्याच डोंगराच्या पायथ्याशी बसलेला वाटसरू तहानेने व्याकूळ होतो. त्याच्या दृष्टीने तो झरा असून नसल्यासारखाच! ज्ञानाचेही असेच आहे. तालुक्याच्या गावी एखादे जुने वाचनालय असते. त्याच्या कपाटात शंभर वर्षांपूर्वीचे एक दुर्मीळ पुस्तक जपून ठेवलेले असते. तिकडे दूरच्या शहरात एक अभ्यासक त्याच पुस्तकाच्या शोधात वणवण करीत असतो. पुस्तक आहे, वाचणाराही आहे. परंतु दोघांची गाठ घालून देणारी वाट मात्र नाही.

ही वाट प्रत्येक युगात निराळी असते. एके काळी गावात दवंडी पिटली म्हणजे वार्ता सर्वांस कळे. पुढे मुद्रणकला आली आणि ग्रंथ व वर्तमानपत्रे ही ज्ञानाची वाहने बनली. त्यांच्या जोडीला नभोवाणी आली, दूरचित्रवाणी आली. आजच्या युगात ही वाट संगणकांच्या महाजालावरून जाते. शेतकऱ्यास पिकावरील रोगाचा उपाय हवा असो, विद्यार्थ्यास एखाद्या शब्दाचा अर्थ हवा असो, किंवा प्रवाशास अनोळखी गावाची माहिती हवी असो. तो खिशातील भ्रमणध्वनी काढतो आणि महाजालास प्रश्न विचारतो. तेथे जे आढळते तेवढेच त्याला दिसते. जे आढळत नाही ते जगात नाहीच, अशी त्याची नकळत समजूत होऊन बसते. म्हणूनच या महाजालावर आपले स्थान असणे ही व्यक्तींना, संस्थांना आणि भाषांनाही आज अत्यंत महत्त्वाची गोष्ट झाली आहे. आपल्या मराठी भाषेच्या उदाहरणावरून ती आपण समजून घेऊ.

महाजाल म्हणजे काय, हे प्रथम पाहू. १९६९ साली अमेरिकेतील काही मोजक्या संशोधन-संस्थांचे संगणक एकमेकांना जोडण्यात आले. एका संगणकावरील माहिती दुसऱ्याकडे तत्काळ पाठवता यावी, एवढाच त्यामागील हेतू होता. हे जाळे हळूहळू विस्तारत गेले. पुढे १९८९ साली जिनीव्हाजवळील सर्न या संशोधन-संस्थेत काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली या इंग्रज संशोधकाने एक अभिनव कल्पना मांडली. निरनिराळ्या संगणकांवरील पाने दुव्यांनी परस्परांस जोडावी आणि वाचकाला एका पानावरून दुसऱ्या पानावर सहज जाता यावे, ही ती कल्पना. तिच्यामुळे महाजाल हे शास्त्रज्ञांपुरते न राहता सर्व लोकांचे झाले. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी ही सेवा सर्वसामान्य नागरिकांस खुली झाली.

या अफाट पसाऱ्यातून आपल्याला हवे ते नेमके सापडते कसे? जाड ग्रंथाच्या शेवटी शब्दांची सूची दिलेली असते. एखादा शब्द कोणकोणत्या पानांवर आला आहे, हे ती सूची पाहून कळते. महाजालावरील शोधयंत्रे अशीच एक प्रचंड सूची तयार करीत असतात. त्यांचे कार्यक्रम एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर, तेथून तिसऱ्या पानावर असे अहोरात्र हिंडतात आणि आढळलेल्या शब्दांची नोंद करून ठेवतात. आपण प्रश्न विचारला की त्या नोंदींतून उत्तर शोधले जाते. येथेच एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ज्याची नोंद झाली तेच सापडणार. जे कोणी लिहिलेच नाही, किंवा जे लिहिले परंतु यंत्राला वाचता येईल अशा रीतीने लिहिले नाही, ते सूचीत येणार नाही आणि शोधणाऱ्याला दिसणारही नाही.

नवे साधन आले आणि भाषेपुढे ‘आता तू माझ्याबरोबर येणार की मागे राहणार?’ असा प्रश्न उभा राहिला, हा प्रसंग मराठीवर प्रथमच आलेला नाही. गोव्यात १५५६ साली मुद्रणयंत्र आले. १५७९ साली तेथे फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज धर्मोपदेशक आले. त्यांनी मराठीचा सखोल अभ्यास केला आणि सुमारे ११,००० ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. परदेशात जन्मलेल्या या पुरुषाचे मराठीवर अतोनात प्रेम होते. परंतु १६१६ साली राचोल येथे हा ग्रंथ छापला गेला तेव्हा तो रोमन लिपीत छापावा लागला. कारण देवनागरी अक्षरांचे खिळे त्या छापखान्यात नव्हते. भाषा मराठी, छंद ओवीचा, आणि अक्षरे मात्र परकी! त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी, १८०५ साली, बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांनी मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. त्यातील मराठी शब्द देवनागरी खिळ्यांनी छापलेले होते. पुढे ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. जावजी दादाजी यांनी मुंबईस निर्णयसागर छापखाना काढला आणि त्यांच्या सुबक खिळ्यांमुळे देवनागरी मुद्रणाची कीर्ती दूरवर पसरली. देवनागरीत जोडाक्षरे पुष्कळ असल्यामुळे एका संचासाठी शेकडो खिळे पाडावे लागत. ते पाडणाऱ्या व जुळवणाऱ्या अनेक अज्ञात कारागिरांचे मराठी वाङ्मयावर थोर उपकार आहेत.

देवनागरी नव्या साधनाबरोबर गेली. परंतु तिची एक भगिनी मागे राहिली. ती म्हणजे मोडी लिपी. कित्येक शतके मराठी माणसाचा दैनंदिन व्यवहार मोडीत चाले. राजांची पत्रे, जमिनीचे हिशेब, सावकारांची खाती, गावकऱ्यांचे तंटे व निवाडे, सारे काही मोडीत लिहिलेले असे. हात न उचलता भराभर लिहिता येणारी ही लिपी बोरूला सोयीची होती. छापखान्याच्या खिळ्यांना मात्र ती तितकीशी मानवली नाही. मोडीत छपाई कधी झालीच नाही असे नव्हे. केरी यांचा १८१० सालचा मराठी कोश मोडी खिळ्यांतच छापलेला आहे. परंतु ग्रंथ, वर्तमानपत्रे आणि शालेय पुस्तके देवनागरीत छापली जाऊ लागली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळांतूनही नाहीशी झाली. परिणाम काय झाला? पुण्याच्या पुराभिलेखागारात आणि ठिकठिकाणच्या दप्तरखान्यांत मोडीतील लक्षावधी कागद पडून आहेत. त्यांत आपल्याच पूर्वजांचे सुखदुःख आपल्याच भाषेत लिहिलेले आहे. आणि आपल्यापैकी बहुतेकांना त्यातील एक ओळही वाचता येत नाही. कागद नष्ट झाले नाहीत, शाई पुसली गेली नाही. तरीही मुद्रणाच्या वाटेवर न आलेली लिपी तीन-चार पिढ्यांत अनोळखी झाली. नव्या साधनाकडे पाठ फिरवण्याची किंमत किती मोठी असते, हे यावरून कळते.

संगणकाच्या आगमनाने हीच परीक्षा पुन्हा एकदा पुढे आली. संगणकास अक्षरे कळत नाहीत. त्यास केवळ अंक कळतात. म्हणून प्रत्येक अक्षरास एक क्रमांक द्यावा लागतो. अमेरिकेत प्रारंभी जी क्रमांकपद्धती ठरली, तिच्यात केवळ १२८ जागा होत्या. इंग्रजीची लहानमोठी अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे यांना तेवढ्या पुरेशा होत्या; देवनागरीला तेथे जागा नव्हती. मग आपल्याकडील कल्पक लोकांनी एक युक्ती योजली. इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर त्यांनी मराठी अक्षरांची चित्रे बसवली. संगणक मनात इंग्रजी अक्षर समजे आणि पडद्यावर मराठी अक्षर दाखवी. परंतु अशी वळणे घडवणाऱ्या प्रत्येकाने आपापली निराळी व्यवस्था केली. एकाच्या व्यवस्थेत जेथे ‘क’ असे, तेथे दुसऱ्याच्या व्यवस्थेत ‘म’ असे. त्यामुळे एका संगणकावर लिहिलेले पत्र दुसऱ्यावर उघडले की निरर्थक चिन्हांचे कडबोळे दिसे. वर्तमानपत्र वाचायचे तर त्या वर्तमानपत्राच्या अक्षरांचा संच आधी आपल्या संगणकावर उतरवून घ्यावा लागे. शोधयंत्रांना तर त्या मजकुरातील एकही मराठी शब्द ओळखता येत नसे. मराठीत लिहिले जात होते. परंतु ते मराठी आहे हे यंत्राला कळत नव्हते.

या गोंधळावर उपाय एकच होता, तो म्हणजे सर्वांनी मिळून एकच क्रमांकपद्धती मान्य करणे. भारतात त्या दिशेने प्रयत्न झाले आणि १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे राष्ट्रीय प्रमाण ठरले. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ या संस्थेने संगणकावर भारतीय भाषा आणण्याच्या कामी मोलाची कामगिरी केली. त्याच सुमारास जगातील सर्व लिप्यांना एकाच व्यवस्थेत बसवणारी ‘युनिकोड’ ही पद्धती तयार होत होती. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यात देवनागरीला स्थान मिळाले.

युनिकोडमध्ये देवनागरीसाठी २३०४ पासून २४३१ पर्यंतचे क्रमांक राखून ठेवले आहेत. ‘क’ चा क्रमांक २३२५. आपल्या लाडक्या ‘ळ’ चा क्रमांक २३५५. ‘मराठी’ हा शब्द संगणक कसा साठवतो, ते पाहा : ‘म’ साठी २३५०, ‘र’ साठी २३५२, कान्यासाठी २३६६, ‘ठ’ साठी २३३६ आणि दुसऱ्या वेलांटीसाठी २३६८. या पाच क्रमांकांची मालिका म्हणजे ‘मराठी’. मुंबईत असो, मॉरिशसमध्ये असो की लंडनमध्ये असो, ती मालिका पाहताच कोणताही संगणक तोच शब्द दाखवतो. जोडाक्षरांसाठी छापखान्याप्रमाणे शेकडो खिळे येथे लागत नाहीत. ‘क’, हलन्त चिन्ह आणि ‘ष’ हे तीन क्रमांक ओळीने आले की यंत्र स्वतःच त्यांचे ‘क्ष’ करते. पुढे या व्यवस्थेत वेळोवेळी भर पडत गेली. २०१४ साली मोडी लिपीलाही तिच्यात स्वतंत्र जागा मिळाली. मुद्रणयुगात मागे राहिलेल्या त्या भगिनीसाठी संगणकयुगाने उशिरा का होईना, दार उघडले. त्याच वर्षी ‘.भारत’ या नावाने संकेतस्थळाचा पत्तादेखील देवनागरीत लिहिण्याची सोय झाली.

अशा रीतीने घर बांधून तयार झाले. परंतु घर बांधले म्हणजे ते नांदते झाले असे नव्हे. त्यात माणसे राहावयास यावी लागतात. सुदैवाने मराठीच्या या नव्या घरात काही थोर रहिवासी आधीच आले आहेत. १८५७ साली प्रसिद्ध झालेली मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली ज्याचे कार्य सुरू झाले आणि ज्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, तो मराठी विश्वकोश पूर्वी मोठ्या ग्रंथालयांतच पाहावयास मिळे. आता तो दुर्गम पाड्यावरील विद्यार्थ्यालाही मोफत वाचता येतो. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडियाचा प्रारंभ झाला. हा ज्ञानकोश कोण्या एका संपादकाचा नाही. तो सर्वसामान्य लोकांनी लिहायचा, एकमेकांच्या चुका सुधारायच्या आणि सर्वांनी विनामूल्य वाचायचा, अशी त्याची रीत आहे.

महाजालाने घडवून आणलेला याहूनही हृदयस्पर्शी चमत्कार म्हणजे जात्यावरच्या ओव्यांचा. पूर्वी घरोघरी पहाटे जाते फिरू लागे आणि त्याच्या घरघरीच्या साथीने बायकांच्या मुखातून ओव्या उमटत. माहेरची ओढ, भावाची वाट पाहणे, सासरचा जाच, लेकराचे कौतुक, विठ्ठलाची भक्ती, असे सारे जीवन त्या ओव्यांत भरलेले असे. त्या रचणाऱ्या असंख्य स्त्रियांना लिहिता येत नव्हते. आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे त्या केवळ मुखाने चालत आल्या. मग गावोगाव पिठाच्या गिरण्या झाल्या. जाती कोपऱ्यात गेली आणि ओव्याही मुक्या होऊ लागल्या. अशा वेळी हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ या दोन अभ्यासकांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी जाऊन त्या टिपून घेतल्या. हजारांहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. कित्येक ओव्यांचे ध्वनिमुद्रणही करण्यात आले. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संकेतस्थळावर त्या क्रमाक्रमाने प्रसिद्ध होऊ लागल्या. आज जगाच्या पाठीवरील कोणताही मनुष्य मुळशीच्या खोऱ्यातील एखाद्या वृद्ध स्त्रीचा आवाज ऐकू शकतो, तिची ओवी वाचू शकतो आणि ती कोणत्या गावची, हेही जाणू शकतो. जिचे नाव गावाच्या वेशीबाहेर कधी गेले नसते, तिचे काव्य आता तिच्या नावासह सर्व जगास उपलब्ध आहे. महाजालावर स्थान असणे म्हणजे काय, याचे यापेक्षा सुंदर उदाहरण कोणते असेल?

तथापि या उजळ बाजूबरोबर दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात मराठी मातृभाषा असलेल्यांची संख्या ८ कोटी ३० लाख होती. हिंदी आणि बंगाली यांच्या खालोखाल हा क्रमांक लागतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केला. इतकी मोठी ही भाषा. परंतु तिच्या विकिपीडियात लेख आहेत सुमारे एक लाख. युरोपातील फिनिश भाषा बोलणारे लोक उण्यापुऱ्या ५०-५५ लाखांच्या घरात आहेत. त्यांच्या विकिपीडियातील लेख मात्र पाच लाखांहून अधिक आहेत. लेखांची संख्या म्हणजे भाषेची थोरवी नव्हे, हे खरे. तरीही मूठभर लोकांनी आपल्या भाषेत जे लिहून ठेवले, ते कोट्यवधी लोकांनी का लिहू नये, हा प्रश्न आपण स्वतःस विचारलाच पाहिजे.

या उणिवेची कारणे दूर शोधावयास नकोत. आपल्यातील अनेकांचा असा समज असतो की, घरगुती बोलणे मराठीत करावे. परंतु विज्ञान, कायदा, व्यापार अशा भारदस्त गोष्टी इंग्रजीतच लिहाव्या. काहींना संगणकावर देवनागरी लिहिणे अवघड वाटते. म्हणून ते ‘मी उद्या येतो’ एवढे साधे वाक्यही रोमन अक्षरांत लिहितात. फादर स्टीफन्स यांना १६१६ साली मराठी ग्रंथ रोमन अक्षरांत छापावा लागला, तो निरुपायाने. त्यांच्यापाशी खिळे नव्हते. आज आपल्या प्रत्येकाच्या हातातील यंत्रात देवनागरीची सर्व अक्षरे सज्ज आहेत. असे असता आपण ती वापरू नये, यास काय म्हणावे? रोमन अक्षरांत लिहिल्याने ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’ यांतील भेद नाहीसा होतो. आणि पुढे कोणी त्या विषयाचा देवनागरीत शोध घेतला, तर ते लेखन त्याच्या हाती लागेलच असेही नाही.

अलीकडे तर या गोष्टीस आणखी महत्त्व आले आहे. मनुष्याच्या प्रश्नांना उत्तरे देणारी, एका भाषेतून दुसऱ्या भाषेत भाषांतर करणारी, लिहिलेले वाचून दाखवणारी यंत्रे निघाली आहेत. ही यंत्रे भाषा शिकतात ती माणसांनी लिहून ठेवलेल्या मजकुरावरून. ज्या भाषेत विपुल आणि चांगले लेखन उपलब्ध असते, ती भाषा त्यांना चांगली येते. जिच्यात थोडे असते, तिच्यात ती अडखळतात आणि चुका करतात. उद्याचे यंत्र आपल्या आजीशी शुद्ध मराठीत बोलेल की मोडक्यातोडक्या भाषेत, हे आज आपण काय व किती लिहून ठेवतो यावर पुष्कळ अंशी अवलंबून आहे.

मात्र महाजालावर स्थान असावे याचा अर्थ तेथे वाटेल ते लिहावे असा नव्हे. बाजारात उभे राहून बोलताना माणूस जसा तोलून बोलतो, तद्वत येथेही वागले पाहिजे. छापलेल्या पुस्तकावर लेखकाचे आणि प्रकाशकाचे नाव असते. महाजालावर मात्र नाव लपवून लिहिता येते. त्यामुळे असत्य आणि अपशब्द यांचा तेथे सुळसुळाट होतो. एखादी गोष्ट लिहिण्यापूर्वी ती खरी आहे का, ती आपणास कोठून कळली, ती प्रसिद्ध केल्याने कोणाचे मन अकारण दुखावणार नाही ना, याचा विचार केला पाहिजे. आपला पत्ता, दूरध्वनीचा क्रमांक, घरातील खाजगी गोष्टी चारचौघांपुढे मांडू नयेत. दुसऱ्याच्या तर मुळीच मांडू नयेत. स्वतःची छायाचित्रे क्षणोक्षणी जगास दाखवणे याला महाजालावरील स्थान म्हणत नाहीत. ज्याच्या असण्याने दुसऱ्या कोणाचा तरी शोध सफल होतो, त्याचेच स्थान खरे.

आणखी एक सावधगिरी बाळगणे इष्ट आहे. महाजालावर गेलेली गोष्ट अमर झाली, असे समजू नये. संकेतस्थळ चालवणाऱ्याने खर्च करणे थांबवले की पाने एका रात्रीत नाहीशी होतात. जुन्या, खाजगी अक्षरसंचांत लिहिलेले कितीतरी मराठी लेखन आज कोणास वाचता येत नाही. म्हणून पुस्तके टाकून द्यावी आणि सर्वस्वी यंत्रावर विसंबावे, असे कोणी सांगू लागल्यास ते ऐकू नये. ग्रंथालयातील कपाट आणि महाजालावरील पान ही एकमेकांची वैरी नव्हेत. एकाने ठेवा जपावा आणि दुसऱ्याने त्याची वाट दाखवावी, हेच योग्य.

आपण शाळेत शिकत असता या कामी काय करू शकाल? प्रथम कळफलकावर देवनागरी लिहिण्यास शिका. भारत सरकारने ठरवलेल्या ‘इन्स्क्रिप्ट’ या मांडणीत स्वर डाव्या हाताकडे आणि व्यंजने उजव्या हाताकडे ठेवलेली आहेत; थोडे दिवस नेमाने सराव केला म्हणजे बोटे आपोआप चालू लागतात. नंतर आपल्या भोवताली पाहा. तुमच्या गावच्या ओढ्याचे नाव काय? ते कशावरून पडले? बारवेवर एखादा शिलालेख आहे काय? तुमच्या शेतात पूर्वी भाताची, ज्वारीची कोणती वाणे पेरीत असत? सुताराच्या, कुंभाराच्या, कोष्ट्याच्या हत्यारांना तुमच्याकडे कोणती नावे आहेत? आजीला कोणत्या ओव्या येतात? या प्रश्नांची उत्तरे परदेशातील कोणीही विद्वान लिहू शकणार नाही. ती तुमच्या घरी आणि तुमच्या आळीतच मिळतील. जाणत्या माणसांना विचारा, त्यांची अनुमती घ्या, ऐकलेले दोघा-तिघांकडून पडताळून पाहा, शिक्षकांना दाखवा आणि मग त्यांच्या मार्गदर्शनाखाली शुद्ध, सरळ मराठीत लिहून ते सर्वांसाठी खुले करा.

मोडीतील कागद आज आपल्यापुढे मुके होऊन पडले आहेत. त्यास ते लिहिणारे जबाबदार नाहीत. त्यांनी आपल्या काळाच्या साधनाने आपले काम चोख केले. आपल्या काळाचे साधन आपल्या हाती आहे. डोंगरातील झरा वाहतच आहे. त्याच्याकडे जाणारी वाट पाडण्याचे काम आता आपले आहे. ती आपण पाडली, तर शंभर वर्षांनी आपल्या गावाचा, आपल्या भाषेचा शोध घेत येणारा वाटसरू तहानलेला परत जाणार नाही.